एक जूनची रात्रगाडी

वाढदिवस परदेशात, आणि तोही रात्रभर धावणाऱ्या गाडीत आला, तर तो वाया गेला अशी नगर जिल्ह्यात सर्वसाधारण समजूत आहे. (अहिल्यानगर हे नाव कागदावर पक्कं झालं, बोलण्यात अजून नगरच आहे.) मुलानं सहल आखताना तारखा पुढंमागं केल्या नाहीत याबद्दल घरात कुजबुज होते, नातेवाईक फोनवर "अरेरे, गाडीतच का?" असं विचारतात, आणि ज्याचा वाढदिवस असतो तो "आता या वयात काय त्याचं" म्हणत मनातून खट्टू होतो. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. वाढदिवसासाठी परदेशातल्या रात्रगाडीइतकी योग्य जागा दुसरी नाही, आणि त्या जागेवर नगर जिल्ह्यातल्या माणसाचा हक्क इतरांपेक्षा कांकणभर जास्तच आहे. हे विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून पुरावा आधी जिल्ह्यातलाच घेऊ.

क्षेत्रफळानं महाराष्ट्रात पहिला, १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा. पण त्याचे महत्त्वाचे वाढदिवस मेअखेरच्या चार-पाच दिवसांत दाटीवाटीनं बसलेले आहेत. २८ मे हा शहराचा स्थापना दिन. अहमद निजामशहानं १४९० साली हे शहर वसवलं. ३१ मे ही अहिल्यादेवींची जयंती. जामखेड तालुक्यातल्या चोंडीला १७२५ साली त्यांचा जन्म झाला, आणि त्यांच्या नावानं २०२४ मध्ये अख्ख्या जिल्ह्याचं नव्यानं बारसं झालं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ जूनला, उरलेल्या जिल्ह्याचा वाढदिवस असतो. यात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. ज्या पिढीचे जन्म घरात, वस्तीवर, एखाद्याचा ऊसतोडीच्या कोपीतही झाला, त्या पिढीला शाळेत घालताना गुरुजी विचारायचे, "पोराची जन्मतारीख?" आणि आई सांगायची, "बाजरी काढायला आली व्हती, तवा." शाळेच्या जनरल रजिस्टरात बाजरीचा रकाना नसतो. गुरुजी मग पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाती लागला की पोरगं शाळेच्या वयाचं झालं. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा वय तिथं बरोबर पुरं व्हावं अशा बेतानं १ जून लिहून ते मोकळे व्हायचे. थोरल्याला १ जून, धाकटीला १ जून, चुलत्याच्या पोराला १ जून. मध्ये निदान वर्षाचं अंतर राहील एवढी काळजी गुरुजींनी घेतली तर घेतली. हे महाराष्ट्रभर झालं आणि नगर जिल्हा त्यात मागं राहिला नाही. नियतीलाही हा घाऊक कारभार पसंत असावा. कारण एसटीची पहिली गाडी निघाली ती १ जून १९४८ रोजी, आणि धावली ती पुणे-नगर रस्त्यावर. २०२२ साली विजेवर चालणारी पहिली शिवाई बस सोडली तीही १ जूनला, त्याच रस्त्यावर. तेव्हा नगरकराचा वाढदिवस आणि लांब पल्ल्याच्या गाडीचा वाढदिवस कागदोपत्री एकच आहे. अशा माणसानं वाढदिवसाला गाडीत बसावं लागलं म्हणून कुरकुर करावी, हे तर्काला धरून नाही.

ही १ जूनची माणसं परदेशातल्या गाड्यांमध्ये सापडायला लागली त्यालाही एक सरकारी कारण आहे. सेवानियम असा, की महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळं ३१ मे हा जिल्हा परिषदेच्या शाळांतून गुरुजी आणि बाई घाऊक निवृत्त होण्याचा दिवस. ज्यांच्या नावापुढं १ जून १९६७ लिहिलं होतं ते अठ्ठावन्न वर्षं पुरी करून ३१ मे २०२५ ला निवृत्त झाले, म्हणजे अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दी जयंतीच्याच दिवशी; हारांचा भाव त्या दिवशी काय असेल याची कल्पना करावी. शाल आणि श्रीफळ घेऊन माणूस घरी येतो, झोपतो, आणि उठतो तेव्हा त्याचा वाढदिवस असतो, शाळा नसते, आणि मुलगा श्टुटगार्टहून किंवा शिकागोहून फोनवर विचारत असतो, "पासपोर्ट काढला का?" मास्तर मंडळींना मे-जून सोडून प्रवास करायची सवय नसते. युरोपातही फिरायचा हंगाम तेव्हाच भरात येतो. त्यामुळं एखाद्या जूनच्या पहिल्या रात्री, व्हिएन्नाहून निघालेल्या डब्यात, एकाच कुटुंबातल्या तीन पासपोर्टांवर तीच तारीख पाहून डब्याचा परिचर भुवया उंचावतो, यात नवल काही नाही. त्याला समजावत बसण्याचीही गरज नसते. अमेरिकेत आलेल्या कितीतरी निर्वासितांच्या कागदांवर १ जानेवारी अशीच ओळीनं लिहिलेली दिसते. जगात जिथं जिथं माणसाआधी फॉर्म पोहोचला, तिथं एक गुरुजी होतेच.

इथपर्यंत मान्य करणारेही पुढं अडतात ते बारा वाजण्यावर. रात्री बाराला माणसाला उठवायचं, चौकात न्यायचं, मोटारीच्या बॉनेटवर केक मांडायचा, फटाके लावायचे, आणि कार्यकर्त्यांचा उत्साह फारच ऊतू गेला तर तलवारीनं केक कापायचा, ही पद्धत गेल्या काही वर्षांत चांगली रुळली आहे. (तलवारीमागून शस्त्र कायद्याचा गुन्हाही येतो, आणि तो वाढदिवस मग तारखेगणिक लक्षात राहतो.) रात्रगाडीत बाराला सगळा डबा घोरत असतो, दिवे मंद केलेले असतात, आणि वरच्या बर्थवरच्या परक्या माणसाला उठवून "हॅपी बर्थडे" म्हणायला लावणं कोणत्याच देशात सभ्य समजत नाहीत. मग बाराचं काय? उत्तर सोपं आहे: बाराचा आणि आपला संबंध काय? आपल्याकडं दिवस सूर्योदयाला लागतो. तिथी धरायची ती सूर्योदयाची. चौकातला रात्री बाराचा केक हा पंचांगाच्या दृष्टीनं आदल्या दिवशीच कापलेला असतो, म्हणजे तलवार एक दिवस आधीच वापरली जाते. गाडीतला माणूस बाराला झोपलेला असतो आणि खिडकीतून ऊन तोंडावर आलं की उठतो. वाढदिवस शास्त्राप्रमाणे पाळणारा जर कोणी उरला असेल तर तो हाच. यात रशियन रेल्वेचं नाव आदरानं घ्यायला हवं. मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा ९,२८९ किलोमीटरचा मार्ग, जवळजवळ आठवडाभराचा. पण २०१८ च्या ऑगस्टपर्यंत त्या देशातलं सगळं रेल्वे वेळापत्रक मॉस्कोच्या घड्याळावर चालायचं. व्लादिवोस्तोकच्या स्टेशनात घड्याळ रात्रीचे बारा दाखवायचं, तेव्हा बाहेर गावात सकाळचे सात वाजलेले असायचे. म्हणजे रेल्वेच्या हिशेबानं तिथं नवी तारीख सकाळी सातला लागायची. आपल्या पंचांगाच्या इतक्या जवळ दुसरं कोणतंही सरकारी खातं आलेलं ऐकिवात नाही.

सूर्योदयाचा नियम धरला की एक अडचण मात्र खरोखरच उभी राहते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. स्वीडनच्या उत्तर टोकाला किरुना नावाचं खाणकामाचं गाव आहे. त्याच्या पुढं नॉर्वेत नार्विक. मेअखेरीपासून तिथं सूर्य मावळत नाही. समजा, आपल्या पाहुण्यांनी ३१ मेला किरुनात मुक्काम केला आणि १ जूनला स्टॉकहोमकडं येणारी रात्रगाडी धरली. ३१ ला सूर्य मावळला नाही, म्हणून १ ला उगवलाही नाही. गाडी रात्रभर दक्षिणेकडं उतरत जाते, वाटेत कुठंतरी सूर्य एकदाचा बुडतो आणि थोड्याच वेळात पुन्हा वर येतो. पण तोवर दोन जून झालेला असतो. अशा प्रवासात १ जून हा दिवस शास्त्रानुसार येतच नाही. ३१ मे संपतो तो थेट २ जूनमध्ये. वय वाढतं की नाही, यावर आपल्याकडच्या धर्मग्रंथांनी काही सांगितलेलं नसावं, कारण ते लिहिणाऱ्यांपैकी कोणी किरुनाला गेलेलं नव्हतं. वय लपवण्याची हौस असणाऱ्यांनी हा मार्ग ध्यानात ठेवावा. बाकीच्यांनी अमेरिकेतली गाडी धरावी, कारण तिथं नेमकं उलट घडतं.

शिकागोहून कॅलिफोर्नियाकडं जाणारी 'कॅलिफोर्निया झेफिर' दुपारी दोनच्या सुमारास सुटते आणि दोन रात्री घेऊन पश्चिम किनाऱ्याजवळ पोहोचते. ३१ मेला ती गाठणाऱ्या निवृत्त गुरुजींचा हिशेब मांडून पाहू. नगरला रात्रीचे बारा वाजतात तेव्हा शिकागोत आदल्या दुपारचा दीड वाजलेला असतो. म्हणजे गाडी सुटायला अर्धा तास असताना, बॅगा सांभाळत बाकावर बसलेल्या गुरुजींच्या मोबाइलवर "१९८३ दहावी ब" या गटातून शुभेच्छांचा पाऊस सुरू होतो. (त्या गटातल्या निम्म्यांचा वाढदिवस त्याच दिवशी असल्यामुळं आभारही एकगठ्ठा मानता येतात.) गाडीतले बारा वाजतात ते नेब्रास्काच्या मक्याच्या रानांत, तेव्हा अमेरिकेच्या कागदावरचा १ जून लागतो. पहाटे कधीतरी गाडी वेळेची रेषा ओलांडते आणि घड्याळ एक तास मागं जातं. हा तास कोणी मागितलेला नसतो, त्याचं भाडंही पडत नाही. दिवसा रॉकी पर्वत चढताना १९२८ साली सुरू झालेला मॉफट बोगदा लागतो. दहा किलोमीटरच्या त्या अंधारात मोबाइलची रेंज जाते, आणि शुभेच्छांना उत्तरं देण्यापासून वाढदिवसाच्या धन्याला तेवढा वेळ कायदेशीर सुटका मिळते. नगरला किती श्रीमंत माणसाला वाढदिवसाच्या दिवशी दहा मिनिटं असं एकटं सोडतात? तारीख संपते ती युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या आसपास. बेरीज केली तर नगरचे बारा वाजल्यापासून युटाचे बारा वाजेपर्यंत वाढदिवस भरतो साडेपस्तीस तासांचा. चौकातल्या वाढदिवसाला चोवीस तास मिळतात, आणि त्यातलेही निम्मे झोपेत आणि उरलेले मांडव काढण्यात जातात. परतीची गाडी धरली तर मात्र तास कापला जातो, म्हणून पश्चिमेकडंच जावं. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला फॉग याला अपवाद. तो पूर्वेकडं जात राहिला आणि पृथ्वीला फेरा घालून आला तेव्हा अख्खा दिवस त्याच्या पदरात जास्त पडला. कादंबरीत १८७२ साली तो मुंबईहून कोलकात्याकडं निघतो, म्हणजे मनमाडवरूनच गेला असणार. मनमाडहून नगरवरून दौंडला जाणारा मार्ग सुरू व्हायला अजून सहा वर्षं होती, हे त्याचं नशीब. चुकून त्या फाट्याला लागला असता, तर वाचलेला दिवस दौंडला इंजिन एका तोंडाचं काढून दुसऱ्या तोंडाला जोडण्यातच गेला असता.

वेळेचा मुद्दा सुटला की माणसांचा येतो, आणि तो जास्त जड आहे. वाढदिवसाला आपली माणसं हवीत, हे कोणी नाकारणार नाही. पण आपली माणसं म्हणजे कोण, हे एकदा फ्लेक्सवर जाऊन पाहावं. नगर शहरात शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे फलक दिसतात, त्यात वर मोठ्या अक्षरांत दादा, भाऊ, अण्णा किंवा साहेब असतात, आणि खाली पासपोर्टच्या आकाराच्या फोटोंच्या रांगेत शुभेच्छुक. या शुभेच्छुकांपैकी किती जणांना दादा नावानं ओळखतात, हा प्रश्न दादांना विचारण्याची सोय नाही. उच्च न्यायालयानं बेकायदा फलकांवरून कितीदा तरी कान उपटले. पण फोटोतल्या माणसांची आणि उत्सवमूर्तीची ओळख आहे का, हे मात्र त्यांनीही विचारलेलं नाही. आता झेफिरचा भोजनडबा घ्या. तिथं चौघांचं टेबल रिकामं ठेवत नाहीत. एकट्या-दुकट्याला परक्यांबरोबर बसवतात. आयोवातला एखादा शेतकरी, ओहायोतली एखादी निवृत्त बाई, आणि राहुरी तालुक्यातले गुरुजी. शेतकरी पावसाचं विचारतो, गुरुजी कांद्याचा भाव सांगतात, आणि पंधरा मिनिटांत शेतकऱ्याला सरकारनं कसं लुटलं याचा पाढा सुरू होतो, जो गुरुजींना भाषा सोडली तर पाठ असतो. ही माणसं परकी आहेत हे खरं, पण ती फलकावर लावायला फोटो मागत नाहीत. पुढच्या निवडणुकीत त्यांचं काही काम नसतं. त्यांनी दिलेल्या शुभेच्छेत काही दडलेलं असेल अशी शंका घ्यायलाही जागा नसते.

शिवाय, माणसं आणि जागा दोन्ही पक्की असलेला वाढदिवसही याच शहरात होऊन गेला आहे. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडलेल्या काँग्रेसच्या पुढाऱ्यांना खास गाडीनं नगरला आणलं आणि किल्ल्यात ठेवलं. नेहरूंचे ओळीनं तीन वाढदिवस, १९४२, ४३ आणि ४४ चे १४ नोव्हेंबर, तिथंच गेले. वल्लभभाई होते, मौलाना आझाद होते, पंत होते. इतकी आपली माणसं, आणि कोणी कुठं जाण्याची शक्यता नाही. वाढदिवसाला लागतं ते सगळं होतं, फक्त बाहेर काढणारी गाडी तेवढी नव्हती. त्या काळात त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, म्हणजे वेळ सत्कारणी लागला. पण निवड करायला दिली असती तर ते वरच्या बर्थवरसुद्धा तयार झाले असते, असं मानायला हरकत नाही. उलट बाजूला महर्षी कर्वे आहेत. १९२९ च्या मार्चमध्ये ते परदेशाच्या दौऱ्यावर निघाले आणि एप्रिल १९३० मध्ये इंग्लंड, अमेरिका, जपान करून परतले. १८ एप्रिलला त्यांची एकाहत्तर वर्षं पुरी झाली ती अशी घराबाहेर, मुलाबाळांपासून दूर. त्यानंतर ते १०४ वर्षांचे होईपर्यंत जगले. त्या एका वाढदिवसानं प्रकृतीवर काही परिणाम झाल्याचं दिसत नाही. आणि परदेशी माणसांना तर या बाबतीत नगरच गाठावं लागतं. अवतार मेहेरबाबांचा जन्म पुण्यात, २५ फेब्रुवारी १८९४ चा. पण समाधी नगरजवळच्या मेहेराबादला. दरवर्षी त्या दिवसासाठी युरोप-अमेरिकेतून लोक येतात, स्वतःचा वाढदिवस कुठं का जाईना, पण बाबांचा चुकवत नाहीत, आणि तो साजरा होतो पहाटे पाचला, त्यांच्या जन्माच्या वेळेला. मेहेराबादच्या मधून दौंड-मनमाडची रेल्वे जाते. तिच्यातून पहाटे पाचला जाणाऱ्यांना हे काही माहीत नसतं, पण तेही जागेच असतात. रात्रगाडीत पहाटे पाचला कोणाचं तरी स्टेशन येतच असतं, आणि तो माणूस सगळा डबा जागा केल्याशिवाय उतरत नाही.

औक्षणाचं काय, हा प्रश्न घरातून येतो, आणि त्याला हसून चालत नाही. गाडीत जाळ करायला कुठल्याही देशाची रेल्वे परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पण औक्षणात नुसतं निरांजन नसतं. सुपारी असते, अंगठी असते, अक्षता असतात, आणि ओवाळणारा हात असतो. यातलं काहीही पेट घेत नाही. निरांजनाच्या जागी कापड बाजारात दिवाळीला मिळणारी सेलवरची पणती ठेवावी. ती कोणत्याही सुरक्षा यंत्राला खेळणंच वाटेल. ओवाळणीत काय घालायचं हा नवऱ्याचा प्रश्न परदेशात अवघड होतो, कारण तिथल्या नाण्यांची किंमत त्याला पटकन रुपयांत करता येते. राहिला गोडाचा घास. रशियन गाडीत प्रत्येक डब्याच्या टोकाला समोवार असतो, चोवीस तास उकळतं पाणी, फुकट. जिथं उकळतं पाणी आहे तिथं मराठी बाई उपाशी राहत नाही. पिशवीतून झटपट उपमा निघतो, चहाची पावडर निघते, आणि सगळ्यांत तळाशी, दोन स्वेटरांच्या मध्ये गुंडाळलेला, पुरणपोळीचा डबा निघतो, ज्याबद्दल विमानतळावर विचारणा झालेली असते. युरोपातल्या डब्यात रात्री दाराला कडी घाला, साखळी लावा, सामान उशाशी घ्या, अशी ताकीद परिचर देतो. नेवासे तालुक्यातल्या ज्या शनिशिंगणापुरात घरांना दारंच नाहीत, तिथून आलेल्या पाहुण्याला ही ताकीद समजायला वेळ लागतो; पण डब्याची राखण करायची म्हटल्यावर तोही कडी लावतो.

या सगळ्यावर एक आक्षेप असा आहे ज्याला माझ्याकडं धड उत्तर नाही, आणि तो साठीतल्या शरीराचा आहे. वरच्या बर्थवर चढण्याची शिडी हे साठीतल्या गुडघ्यांसाठी बनवलेलं यंत्र नव्हे. रात्री दोनदा खाली उतरावं लागतं, आणि प्रत्येक वेळी खालच्या परक्या माणसाच्या नाकाजवळ पाय येतो. सहा जणांच्या डब्यात कोणाला खिडकी उघडी हवी असते, कोणाला बंद, आणि घोरण्याला कोणत्याच भाषेची अडचण येत नाही. झोप कमी होते, कंबर धरते, सकाळी तोंड धुवायला रांग असते. हे सगळं खरं आहे. एवढंच म्हणता येईल, की नगरहून लग्नाला नागपूरला निघालेल्या माणसानं यातलं काहीही पहिल्यांदा सोसलेलं नसतं. आणि लग्न त्याचं नसतं, वाढदिवस निदान त्याचा असतो.

मग शेवटचा आणि खोचक प्रश्न: त्याचा कसा? तारीख तर गुरुजींनी लिहिलेली. खरा जन्म बाजरी काढण्याच्या वेळचा, म्हणजे भादव्यातला-आश्विनातला. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पोरगं पाळण्यात होतं, एवढं आईला पक्कं आठवतं, आणि कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. मग १ जूनला हा सगळा खटाटोप कशाला? कारण जगाच्या पाठीवर माणसाचं वय विचारणारे जे कोणी आहेत, ते सगळे १ जूनलाच ओळखतात, आणि त्यांच्यात वयाबद्दल माणसाला चार पैसे परत देणारी संस्था म्हणजे रेल्वे. इतर कचेऱ्या वय विचारतात ते काहीतरी थांबवण्यासाठी. आपल्या रेल्वेनं ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती केलीच, तरी साठीच्या पुरुषाला आणि पंचेचाळिशीच्या बाईला खालचा बर्थ शक्यतो देण्याची रीत ठेवली आहे. युरोपात भारतीय प्रवाशांना मिळणाऱ्या युरेल पासवर साठ पूर्ण झालेल्यांना दहा टक्के सूट असते, आणि वय मोजतात ते प्रवास सुरू होण्याच्या दिवशीचं. इथं गुरुजींच्या लेखणीचा हिशेब पहिल्यांदा माणसाच्या बाजूनं बसतो. त्यांनी चार महिने आधीचा जन्म लिहिला म्हणून नोकरीतले चार महिन्यांचे पगार बुडाले. पण त्याच चार महिन्यांमुळं सूटही लवकर लागू होते, बाजरी उभी व्हायच्या आधी. तेव्हा ज्यांची कागदावरची साठी १ जून २०२७ ला भरते, त्यांनी मुलाला आत्ताच सांगून ठेवावं, की पास १ जूनपासून सुरू होणारा काढ, वाढदिवस गाडीतच गेला तरी चालेल. ३१ मेपासूनचा काढला तर पूर्ण भाडं पडतं, आणि ३१ मेला एकदा नुकसान होऊन गेलेलं आहे.